अण्णांचा रंग

रामकिसनकाकांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत नावं बसत नव्हती. मामांची नावं घेतली तर आत्यांचे यजमान खाली घसरत, त्यांना वर घेतलं तर गणपतीच्या सोंडेवर कुणाचं तरी आडनाव चढे. अण्णांकडे एकच स्क्रीन होता, जुना, चौकोनी. मोबाइलवर आलेली यादी संगणकावर उघडली की पत्रिका झाकली जायची, पत्रिका उघडली की यादी. दर चार नावांनी ते चष्मा कपाळावर ढकलत आणि रुमालानं डोळे पुसत. डोळ्यांतून पाणी येणं त्यांना नवीन नव्हतं, पण त्या आठवड्यात फार वाढलं होतं.

म्हणून त्या दिवशी दुपारी मी माझा रुंद मॉनिटर वरच्या खोलीतून खाली दुकानात आणला आणि त्यांच्या जुन्या मॉनिटरच्या शेजारी ठेवला.

आमचं दुकान राजूरला, गणपतीच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. खाली दुकान, मागं आणि वर घर. पाटीवर 'उषा ग्राफिक्स' लिहिलंय. उषा म्हणजे माझी आई. लग्नपत्रिका, वाढदिवसाची बॅनरं, मुलामुलींचे बायोडाटा, आणि कुणी गेलं की श्रद्धांजलीचे फ्लेक्स, ही सगळी कामं अण्णा एकट्यानं करत. तयार फाइल भोकरदनला परवेजचाचांकडे जायची. त्यांच्याकडे छपाईचं मोठं मशीन आहे. मी पुण्याच्या एका प्रकाशनासाठी पुस्तकांची मुद्रितं तपासते. काही वर्षं पुण्यात राहून केलं, मग तेच काम घेऊन इथं परत आले.

दोन्ही मॉनिटर सुरू केले आणि माझी चूक लक्षात आली. तीच पत्रिका डावीकडे हळदीत लोळवून काढल्यासारखी दिसत होती आणि उजवीकडे निळसर, दवाखान्यातल्या भिंतीसारखी. डावा मंद, उजवा डोळ्यांत घुसणारा. एक बुटका, एक उंच. अण्णांची मान आणि नजर एकीकडून दुसरीकडे जाऊ लागली, तसे ते आणखी डोळे मिचकावायला लागले.

रामकिसनकाका स्टुलावर बसून बघत होते. "भागवतराव, आमच्या पत्रिकेला या अंगानं कावीळ झाली का काय?"

"दोघांची रास वेगळी हाये," अण्णा म्हणाले. "पोरगी गुण जुळवून राह्यली. थांबा जरा."

"किती जुळले मंग?"

"जुळतील कसे? दोघांची नाडी एक निघाली. एकाच बोर्डात खुपसलेत."

रामकिसनकाका खो खो हसले. कुंडल्या जुळवताना एकनाडी निघाल्यामुळे त्यांच्या मुलीचं पहिलं ठरलेलं स्थळ मोडलं होतं आणि ते अण्णांना माहीत होतं. पण अण्णांनी केलेल्या थट्टेचा कुणाला राग येत नसे.

मी ती दुपार त्या दोन मॉनिटरांवर घालवली. वाचलेलं थोडंफार होतं. उजेडातून अंधारात आणि अंधारातून उजेडात सारखी नजर गेली की डोळ्यांच्या बाहुल्या दमतात, म्हणून दोन्हींचा उजेड सारखा हवा. जुन्याखाली पत्रिकांच्या नमुन्यांचे दोन अल्बम सारले, दोघांचे वरचे काठ एका रेषेत आणले. टेबल थोडं फिरवलं, म्हणजे दाराचा उजेड समोरून न येता बाजूनं यावा. जुन्याची बटणं चौकटीच्या खाली होती आणि त्यातलं एक आत गेलेलं होतं. अण्णा ते पेनाच्या रिफिलनं दाबत. मीही तेच केलं. आधी त्याची सगळी जुळणी पुसून तो कारखान्यातून आला तसा केला, मग दोन्ही एकेक पायरी उतरवत नेले. शेवटी दोघांवर डोळ्यांना आराम देणारा पिवळसर प्रकाश लावला. पूर्ण सारखे झाले नाहीत. पण एकावरून दुसऱ्यावर नजर गेली की आता ठेच लागत नव्हती.

अण्णा खुर्चीत मागं टेकून बसले. हात लांब करून बोटं स्क्रीनला टेकतात का ते मी त्यांना बघायला लावलं. बोटं जेमतेम टेकली. "एवढं अंतर ठेवायचं," मी म्हणाले.

"लिंबाखाली बसल्यावानी वाटून राह्यलं गं माय," ते म्हणाले. मग म्हणाले, "पर फोटोचं काम आलं की मला माझा पहिल्यासारखा करून दे. ह्या सावलीत माणसाचा रंग कळायचा न्हाई."

मी हो म्हणाले.

पत्रिका संध्याकाळच्या आत पुरी झाली. आत्यांचे यजमान मामांच्या ओळीत बसले. आईनं आतून दोनदा चहासाठी हाक मारली आणि तिसऱ्यांदा कप घेऊन बाहेर आली, दोन टीव्ही लावून बाप-लेक काय बघतात म्हणून आम्हाला बोलली. अण्णांनी तिला एका स्क्रीनवर यादी आणि दुसऱ्यावर पत्रिका दाखवली. तिनं काही वाचलं नाही. तुमचे डोळे आज लाल न्हाईत, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकून भोकरदनला गेले. परवेजचाचांच्या दुकानात पहिली पत्रिका छापून बाहेर आली, ती त्यांनी हातात घेतली, दारापाशी उजेडात नेली, बरोबर आहे म्हणाले आणि तिथल्या बाकावर बसले. चाचांना वाटलं, दमलेत. त्यांनी पाणी मागवलं. पाणी येईपर्यंत अण्णा एका कुशीवर कलले होते. चाचांनीच त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथं नेण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्यांनी मला फोनवर सांगितलं नाही. 'जल्दी ये, बेटा,' एवढंच म्हणाले.

*

अण्णांचे धाकटे भाऊ सर्जेरावकाका पाचव्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले की दहाव्याला चौकात बॅनर पाहिजे. साऱ्या पंचक्रोशीची त्यानं केली, त्याचंच नसलं तर बरं दिसणार नाही. भोकरदनला सांगतो, तिथं कुणी करून देईल. मी म्हणाले, मी करते.

मला ते काम येत होतं. अण्णांच्या शेजारी बसून बघत वाढले होते. गेलेल्या माणसाचा फोटो बहुतेक वेळा कुठल्या तरी लग्नातला असतो, शेजारच्याचा खांदा कापावा लागतो, कधी आधारकार्डावरचा असतो, त्यात माणूस घाबरलेला दिसतो. घरचे येतात आणि बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात, जरा गोरा करा. वाढदिवसाच्या बॅनरवर अण्णा सगळ्यांना गोरं करत. बायोडाट्यातल्या मुलींनाही करत, त्यांच्या आया समोर बसून करून घेत. पण गेलेल्या माणसाला ते गोरं करत नसत. घरातल्या एकाला ते स्टुलावर बसवत. आधी त्याला बाहेर पायरीवर पाठवत. टेकडीवरच्या गणपतीच्या देवळाचं शिखर दिसतं तिथून, त्याच्याकडे थोडा वेळ बघत उभं राहा, डोळे निवू द्या, मग आत या, असं सांगत. तो माणूस बाहेर जाऊन उभा राही. कधी तिथंच रडून घेई. आत आला की अण्णा जुन्या स्क्रीनवरचा चेहरा दाखवत आणि विचारत, "बराबर आहे का रंग?" तो हो म्हणेपर्यंत ते फाइल पाठवत नसत. पुष्कळ लोक आधी गोरा करा म्हणायचे आणि शिखर बघून आत आले की म्हणायचे, न्हाई, थोडा सावळाच होता.

अण्णांचा मी निवडलेला फोटो मोबाइलवर काढलेला होता. दुकानाच्या दारात, पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर. तो उघडला तेव्हा चेहरा धुरकट वाटला. काळसर आणि पिवळट, जुन्या कंदिलाच्या काचेमागे बसल्यासारखा. मी त्यातला पिवळेपणा थोडा काढला. चेहऱ्यावर उजेड वाढवला. तरी धुरकट. आणखी वाढवला. आपण फोटो साफ करतोय असंच मला वाटत होतं. मागच्या घरात लोक येत-जात होते, आईला भेटायला आलेल्या बायका हुंदके देत होत्या, मला ते काम लवकर संपवून आत जायचं होतं. शिखराकडे बघायला मी गेले नाही. कुणाला स्टुलावर बसवलं नाही. फाइल पाठवून दिली.

दहाव्याला चौकात बॅनर लागलं. लोक म्हणाले, फोटो छान आलाय. सर्जेरावकाका म्हणाले, भाऊ अगदी साहेबावानी दिसतोय. मी फार वर बघितलं नाही. विधीहून परतताना आईला दोन बायकांनी धरलं होतं. चौकात आल्यावर ती थांबली. बॅनरकडे बघितलं.

"हे कोण गं?" तिनं मला विचारलं.

"अण्णा."

"न्हाई," आई म्हणाली आणि चालू लागली.

तिला धरलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं, दुःखानं तिचं भान गेलंय. मी मात्र मान वर करून बघितलं. गुलाबी-गोरा, गुळगुळीत, कुठल्या तरी कंपनीच्या मालकासारखा एक माणूस अण्णांचा चष्मा कपाळावर ठेवून हसत होता. खाली अण्णांचं नाव होतं.

*

काय झालं होतं ते मला नंतर, पुण्याचं काम परत सुरू केलं तेव्हा कळलं. मी खाली दुकानातच बसू लागले होते, दार उघडं राहावं म्हणून. एका पुस्तकाची मुद्रितं स्क्रीनवर होती आणि शेजारी टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. नजर एकावरून दुसऱ्यावर गेली. स्क्रीनवरचं पान पिवळं होतं. जुन्या वर्तमानपत्राइतकं पिवळं, आणि मंद. दोन्ही स्क्रीनवर सारखंच. डोळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की तेच पांढरं वाटत होतं.

ती सावली मी त्या दुपारी अण्णांसाठी केली होती. फोटोचं काम आलं की काढायची होती. त्यांच्यानंतर आलेलं पहिलं फोटोचं काम त्यांचंच होतं, आणि मी त्याच सावलीत बसून ते केलं. त्या मंद पिवळ्यात त्यांचा चेहरा मला काळा वाटला, म्हणून मी उजळत गेले.

परवेजचाचा भेटायला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, तुमच्या मशीनवर चेहरा एवढा गोरा निघाला तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही का. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"वाटलं ना, बेटा," ते म्हणाले. "भागवतभाऊची फाइल मी डोळे झाकून छापत आल्तो. ही पहिली फाइल, जिच्यात त्याचा हात न्हवता. मला वाटलं, घरच्यांनी सांगितलं असंल, उजळ करा. मय्यतीच्या घरी असं कोण विचारतं?"

मग म्हणाले, नवीन फाइल दे, मी नवीन छापून देतो. मी हो म्हणाले. पण नवीन करायला मला अण्णांचा रंग हवा होता.

जुन्या मॉनिटरची बटणं मी रिफिलनं दाबून बघितली. उजेड वाढवला, कमी केला. लाल वाढवला, निळा उतरवला. अण्णांनी ती जुळणी फार वर्षांपूर्वी केव्हा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बसवली होती आणि परत कधी हलवली नव्हती. मी ती एका बटणात पुसली होती. आता जे करावं ते सारखंच खरं वाटे आणि सारखंच खोटं. माझ्या मोबाइलवर अण्णा तांबूस दिसत, सर्जेरावकाकांच्या मोबाइलवर राखाडी. माझ्या रुंद स्क्रीनवरची सावली काढली तर ते गारठल्यासारखे निळसर होत. चुलतभावाच्या लग्नातल्या फोटोत मांडवाचं गुलाबी कापड त्यांच्या गालांवर उतरलं होतं.

मी डोळे मिटून आठवायला लागले. त्यांचा आवाज आला. रुमालानं डोळे पुसतानाची कोपराची ठेवण आली, रिफिल धरलेली बोटं आली. रंग आला नाही. बोटं कुठल्या रंगाची होती? मी चाळिशीच्या जवळ आलेली, जन्मापासून बघितलेला माणूस, आणि मला त्याचा रंग सांगता येत नव्हता. जे आधी आठवत होतं, ते त्या गोऱ्या माणसानं झाकून टाकलं असावं. डोळे मिटले की चौकातला तोच हसत समोर येई.

मी आईला दुकानात बोलावलं. एकदा ये, स्टुलावर बस, मी रंग हलवते, तू फक्त हो किंवा न्हाई म्हण. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मला नको दाखवू," ती म्हणाली. "तुझ्या मशिनीतले बघून बघून माझ्या डोळ्यातले पुसून जातील. मंग मी काय करू?"

मी तिला परत विचारलं नाही. तिच्या डोळ्यांत ते अजून होते. माझ्या डोळ्यांत नव्हते. ती तिथं बसून मेथी निवडत होती आणि तो रंग तिच्याजवळ होता, आणि तो मला देण्याची काही सोय नव्हती.

*

तेरवीनंतर काकांनी बॅनर उतरवलं होतं. ते कुठं गेलं याची मी चौकशी केली नव्हती. एके दिवशी दुपारी आईचं औषध आणायला निघाले, तेव्हा रस्त्याच्या कडेला रामकिसनकाकांच्या कडब्याच्या गंजीवर ते दिसलं. फ्लेक्स मजबूत असतो, कुणीच टाकून देत नाही. कडबा झाकायला, गोठ्याला आडोसा करायला, ज्याला लागेल तो नेतो. अण्णा स्वतःच जुनी बॅनरं लोकांना देत असत. रामकिसनकाकांनी ते सर्जेरावकाकांकडून मागूनच नेलं असणार, आणि चेहऱ्यावर पाय पडू नये म्हणून चेहऱ्याची बाजू वर ठेवली असणार. चार कोपऱ्यांना चार विटा बांधलेल्या होत्या.

उन्हानं शाई उडायला सुरुवात झाली होती. कपाळ पांढरं पडलं होतं. ते आणखी गोरे होत चालले होते. थोड्याच महिन्यांत तिथं फक्त शर्ट आणि चष्मा उरेल, हे मला दिसलं.

रामकिसनकाका गोठ्यातून बाहेर आले. मला बघून त्यांना अवघडल्यासारखं झालं. पोरीचं लग्न नीट पार पडलं म्हणाले, पत्रिकेत एकही नाव चुकलं न्हवतं. मग गंजीकडे बघून म्हणाले, "काढू का? तू म्हणत असशील तर काढतो."

मी राहू द्या म्हणाले. तो माणूस माझा कुणी नव्हता.

औषध न घेताच परत आले. दुकानाचं दार पूर्ण उघडलं, उजेड घेतला, माझा रुंद मॉनिटर बंद करून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. जुना एकटा सुरू केला. त्याच्यावर कुठला तरी एक चेहरा हवा होता, जो अण्णांनी याच स्क्रीनवर, त्यांच्या जुळणीत, बरोबर करून ठेवला असेल, आणि ज्याचा खरा रंग मला आजही बघता येईल. गेलेल्यांचे चेहरे पुष्कळ होते, पण ते गेलेले होते. जिवंत माणसांना त्यांनी गोरं केलं होतं. एकच अशी फाइल होती.

माझा बायोडाटा. शिक्षण संपलं त्या वर्षीचा.

आई तेव्हा म्हणाली होती, बाकीच्या पोरींचे करता तसा हिचा बी जरा उजळ करा, बापाच्या रंगावर गेलीया. घरात कुणालाही माझ्याबद्दल बोलायचं असलं की ते इथून सुरू होई, बापाच्या रंगावर गेली. प्रेमानंही तेच म्हणत. अण्णा आईला म्हणाले, तृप्तीला विचारू. त्यांनी मला पायरीवर पाठवलं. मी शिखराकडे बघत उभी राहिले. आत आले, स्टुलावर बसले. समोर माझा चेहरा होता, जसा आहे तसा.

"बराबर आहे का रंग?" अण्णांनी विचारलं.

गेलेल्या माणसांच्या घरच्यांना विचारत, त्याच आवाजात विचारलं. मी बघत राहिले. हो म्हटलं असतं तर तो रंग माझा झाला असता, आणि नाही म्हणायला तोंड उघडलं तर समोर त्याच रंगाचा माणूस बसला होता. मी काही न बोलता उठून आत गेले. ते थोडा वेळ बसून राहिले असावेत. खुर्ची सरकल्याचा आवाज बराच उशिरा आला.

त्यांनी तो फोटो तसाच ठेवला. एक-दोन स्थळं आली आणि गेली, पुढं येईनाशी झाली, मी पुण्याला गेले. त्यावरून घरात कुणी कुणाला बोललं नाही. मला ते चाललं होतं. पण अण्णांना मी काय म्हणणार होते ते कधीच कळलं नाही. आपण मुलीचं नीट केलं की वाटोळं केलं, हे त्यांनी मला परत विचारलं नाही, आणि मी बोलले नाही. पुढं इतकी वर्षं आम्ही लग्नाच्या पत्रिकांवर, नाडीवर, गुणांवर थट्टा करत राहिलो.

मी फाइल उघडली. मुद्रितांसाठी परत लावलेल्या आरामाच्या सावलीत मी विझलेली दिसत होते. सावली काढली. मग रिफिल घेतली, डावा हात स्क्रीनच्या शेजारी, दाराच्या उजेडात धरला, आणि बटणं दाबायला लागले. उजेड वर. निळा खाली. लाल थोडा वर, जास्त झाला, परत खाली. गालाचा रंग आणि मनगटाचा रंग एकमेकांजवळ येत, मग एखाद्या दाबानं लांब जात. स्क्रीनचा उजेड हातावर पडून हातच बदलून जाई, मग हात मागं घ्यायचा, थांबायचं, परत धरायचा. डोळ्यांत पाणी साठलं. रुमाल नव्हता, ओढणीनं पुसलं.

केव्हा तरी दोन्ही जुळले असं वाटलं. किंवा मला जुळवून संपवायचं होतं. बटणावरून रिफिल उचलली आणि अण्णांचा दारातला फोटो उघडला. मुळातला, मी हात लावण्याआधीचा.

ते सावळे होते. नाकावर आणि गालाच्या हाडांवर जास्त काळे, कपाळावर चष्म्याच्या वर थोडे फिकट, भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखे. डोळ्यांभोवती काळं होतं आणि पापण्यांच्या कडा लाल होत्या. धुरकट काही नव्हतं. फोटोत साफ करण्यासारखं काहीच नव्हतं.

पण हे खरं होतं का? मला सांगता येईना. डोळे इतके दमले होते की मी कशालाही हो म्हटलं असतं. विचारायला कुणी नव्हतं. हा फोटो परवेजचाचांकडे पाठवून, छापून आणून कुठं लावायचा होता? दहावा होऊन गेला होता, तेरवी होऊन गेली होती, चौकात आता कुणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर होतं. आई बघणार नव्हती. गावानं त्या गोऱ्या माणसालाच अण्णा म्हणून हात जोडले होते.

मी उठून पायरीवर गेले. शिखर उन्हात होतं. लोक टेकडी चढत होते. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, डोळ्यांतली आग कमी होईपर्यंत, आणि कुणी आत ये म्हणेल म्हणून आणखी थोडा वेळ.

मग आत आले आणि स्टुलावर बसले. शेजारची खुर्ची टेबलापासून थोडी मागं सरकलेली होती, हात लांब केल्यावर बोटं स्क्रीनला टेकतील एवढ्या अंतरावर. मीच ठेवायला सांगितलं होतं तिथं.

अण्णा समोर होते. मी बघितलं. या वेळी कुणी विचारलं नाही.

"बराबर आहे, अण्णा," मी मोठ्यानं म्हणाले. "माझा बी बराबर होता."